पणजोबांचा तांब्या आणि १९२४ चं बेळगाव: एका निबंधाची हकीकत

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये बेळगावात जिकडे तिकडे शताब्दीचीच चर्चा होती. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं एकोणचाळिसावं अधिवेशन भरलं आणि गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. आयुष्यात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते एवढ्या एकाच वेळी. त्यामुळे बेळगावकरांना त्याचं कौतुक असणारच. एका संस्थेने कॉलेजच्या मुलांसाठी निबंध स्पर्धा जाहीर केली: शब्दमर्यादा १५००, भाषा मराठी, कन्नड किंवा इंग्रजी, शेवटची तारीख १० डिसेंबर.

मी एका पी.यू. कॉलेजात, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, इतिहास शिकवते. सेकंड पी.यू.च्या वर्गातली एक मुलगी तास संपल्यावर दारात थांबली. सांबऱ्याच्या पलीकडच्या एका गावची. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे कन्नड विषय घेऊन कसाबसा पास होत आलेली, वर्गात फारसं तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, आमच्या पणजोबांनी गांधीजींना पाणी दिलंय. अधिवेशनात. मी लिहू काय?"

मी म्हणाले, लिही की. पुढचे दोन महिने काय काय झालं ते इथे मांडते आहे. मुलीचं, गावाचं, शाळेचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. वर्गात मुलांकडून इतिहासाचं लेखन करून घेणाऱ्या कुणालाही यातली निम्मी अडचण ओळखीची वाटेल.

पहिला खर्डा

आठवड्याने तिने वहीची सहा पानं आणून दिली. अक्षर सुंदर, मजकूर मोबाईलवरून उतरवलेला. 'भारताच्या स्वातंत्र्यलढ्याच्या सुवर्णपानांवर' अशी सुरुवात. पहिल्या पानावर गांधीजी तुरुंगातून सुटून थेट बेळगावला आले. दुसऱ्या पानावर लोकमान्य टिळकांनी त्यांचं स्टेशनवर स्वागत केलं. चौथ्या पानावर अधिवेशनाने पूर्ण स्वराज्याचा ठराव मंजूर केला. आणि शेवटच्या पानावर पणजोबा तांब्या घेऊन उभे.

लाल पेन उचलून मी तिला एकेक सांगत गेले. गांधीजी ५ फेब्रुवारी १९२४ ला सुटले. त्याआधी जानेवारीत पुण्याच्या ससूनमध्ये त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. बेळगाव त्यानंतर दहा महिन्यांनी. पूर्ण स्वराज्याचा ठराव १९२९ चा, लाहोरचा. आणि टिळक तर १ ऑगस्ट १९२० लाच गेले.

तिने खाली मान घातली. मग म्हणाली, "पण टिळक आणि गांधी दोघं बेळगावात होते असं सगळेच म्हणतात की."

ते सगळे चुकीचं सांगत नाहीत, ही यातली गंमत. दोघं बेळगावात एकत्र होते, पण १९१६ साली. त्या एप्रिलअखेर इथे मुंबई प्रांतिक परिषद झाली, टिळकांनी होमरूल लीग काढली ती इथेच, आणि दक्षिण आफ्रिकेतून परतून वर्ष-सव्वा वर्ष झालेले गांधीजीही त्या परिषदेला आले होते. लोकांच्या तोंडी ही भेट आठ वर्षं पुढे सरकून १९२४ मध्ये जाऊन बसली होती. तेव्हा मी ही निव्वळ चूक म्हणून खोडून टाकली. गावातली एक मोठी तारीख आजूबाजूच्या सगळ्या आठवणी स्वतःकडे ओढून घेते, हे माझ्या लक्षात यायला अजून महिना जायचा होता.

अडचण नेमकी काय होती

खर्डा उतरवलेला होता, ही खरी अडचण नव्हती. उतरवणं हा रोगाचा ताप, रोग वेगळाच. तिला विचारायला प्रश्नच नव्हता. 'बेळगाव अधिवेशनावर निबंध लिहा' म्हटलं की मूल सगळं लिहायला बसतं, आणि सगळं ज्याला लिहायचं आहे त्याला उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरी अडचण भाषेची. बेळगावात या एका घटनेच्या दोन हकिगती नांदतात. मराठी पुस्तकांतून गंगाधरराव देशपांडे दिसतात: हुदलीचे, टिळकांचे शिष्य, अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष, आत्मकथनही मराठीत लिहिलेले. कन्नड पुस्तकांतूनही तेच गंगाधरराव दिसतात, पण 'कर्नाटक सिंह' म्हणून. शिवाय त्याच दिवसांत बेळगावात सिद्धप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरण परिषद, म्हणजे वेगवेगळ्या प्रांतांत विखुरलेला कन्नड मुलूख एक करा म्हणणाऱ्यांची परिषद, भरली होती, ती कन्नड पुस्तकांत ठळक आणि आमच्या मराठी पुस्तकांत जवळपास गायब. मंडपाच्या जागेला विजयनगर आणि अधिवेशनासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर ही नावं का दिली, हे एकीकरणाच्या त्या हवेशिवाय कळतच नाही.

तिसरी अडचण म्हणजे पणजोबा.

कोणते पर्याय होते

वर्ग रिकामा झाल्यावर आम्ही दोघी बाकावर बसलो. मी फळ्यावर तीन विषय लिहिले. एक, अधिवेशनाची समग्र माहिती. दोन, गांधीजींनी अध्यक्षपद का घेतलं? तीन, पणजोबांची गोष्ट.

पहिला तिनेच पुसला. तिसरा मी पुसला, आणि तो घाईत पुसला. म्हणाले, "घरच्या गोष्टीला पुरावा नसतो, परीक्षक हसतील." तिचा चेहरा उतरला तो मी पाहिला. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

राहिला दुसरा. मला तो फार आवडत होता, कारण तो माझ्या आवडीचा विषय. फेरवादी आणि नाफेरवादी, म्हणजे कायदेमंडळात जायचं म्हणणारे आणि नको म्हणणारे, यांची भांडणं. सप्टेंबरात कोहाटची दंगल, त्यानंतर दिल्लीत गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास. नोव्हेंबरात चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांच्याशी कलकत्त्याला केलेला करार, आणि बेळगावात त्यावर झालेलं शिक्कामोर्तब. परदेशी कापडावरचा बहिष्कार तेवढा ठेवून असहकार स्थगित करायचा, आणि काँग्रेसच्या सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २००० वार सूत द्यायचं. मी अर्धा तास बोलले. तिने सगळं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. "मॅडम, ते तुमचं आहे. मला त्यातलं काय विचारायचं तेच कळंना."

खरं होतं ते. मग मी विचारलं, तुला या अधिवेशनातलं काय बघायला आवडलं असतं? ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. एवढ्या माणसांना त्यांनी पाणी कुठनं दिलं असंल?"

हा चौथा पर्याय माझ्या फळ्यावर नव्हताच. एका गावाने हजारो पाहुण्यांच्या पाण्याची सोय कशी केली, यावरच निबंध लिहायचं ठरलं.

काय केलं

पहिल्यांदा तिला विहिरीवर पाठवलं. काँग्रेस रोडवरची काँग्रेस विहीर बेळगावचं पोर न् पोर बघतं, पण थांबून कुणी बघत नाही. अधिवेशनासाठी म्हणून ती खोदली आणि बांधली. ती वहीत चित्र काढून आली, कठड्याभोवती पावलं मोजून आली, आणि एक प्रश्न घेऊन आली: पाणी वर आलं ते कळलं, पण वापरलेलं पाणी गेलं कुठे?

याचं उत्तर गांधीजींनीच देऊन ठेवलं आहे. अधिवेशन संपल्यावर लगेच, जानेवारी १९२५ च्या पहिल्या दिवशी, 'यंग इंडिया'त त्यांनी बेळगावचं जे दिसलं ते लिहिलं. त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी मालिकेत, शंभर खंडांपैकी पंचविसाव्या खंडात, ते सापडतं आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते काढलं. तिचं इंग्रजी अडखळतं, त्यामुळे शब्दकोश जवळ घेऊन रोज एक-दोन परिच्छेद. मी अर्थ सांगायचा नाही, तिने सांगायचा आणि मी फक्त अडवायचं, असा नियम केला.

आपण गांधीजींना फोटोतच बघत आलो, त्यामुळे त्यांची नजर किती बारीक होती हे विसरतो. मंडपात निदान सतरा हजार माणसं मावतील असा अंदाज ते देतात. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या स्वयंसेवकांचं कौतुक करतात. रस्ते, दिवे यांविषयी बरं बोलतात. संडासांची व्यवस्था चांगली, पण अजून शास्त्रशुद्ध हवी होती म्हणतात. आणि मग वापरलेल्या पाण्याची विल्हेवाट लावण्याची पद्धत फार मागासलेली होती, असं सरळ लिहून टाकतात. देशाचा सर्वांत मोठा पुढारी, अधिवेशनाचा अध्यक्ष, आणि अधिवेशन संपल्यावर लिहितो कशावर, तर सांडपाण्यावर!

हे वाक्य समजल्यावर ती खुर्चीत सरळ बसली. "म्हणजे मी विचारलं तेच त्यांनी बघितलं होतं." इथून पुढे मला फारसं ढकलावं लागलं नाही.

कन्नडसाठी तिने शेजारच्या बाकावरची मैत्रीण धरली. दोघी एका जुन्या वाचनालयात बसून कन्नड पुस्तकातला एकीकरण परिषदेचा भाग वाचत. एकीने वाचायचं, दुसरीने मराठीत लिहायचं. तिथे माझीही एक चूक बाहेर पडली. हुयिलगोळ नारायणरावांचं कन्नडनाडूचं उदयगीत काँग्रेसच्या मंडपात गायलं गेलं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात ठासून सांगत आले होते. मुलींनी आणलेल्या एका पुस्तकात ते एकीकरण परिषदेत गायलं असं होतं, दुसऱ्यात काँग्रेसमध्ये. तिने निबंधात लिहिलं: 'त्या दिवसांत बेळगावात गायलं गेलं.' दोन्ही पुस्तकांना मान्य होईल तेवढंच. मी तिला विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "कुणी नाही. दोघांत भांडण असलं की आई असंच बोलते."

गावाच्या नावाचाही प्रश्न आला. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारदरबारी नाव बेळगावी. इथे नुसतं नाव उच्चारलं तरी माणूस कोणत्या बाजूचा ते लोक ठरवून मोकळे होतात. तिने १९२४ चं लिहिताना बेळगाव आणि आजच्या जिल्ह्याविषयी लिहिताना बेळगावी लिहिलं. मी त्याला हात लावला नाही.

आजोबांची गोष्ट

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती रविवारी फोनवर म्हणाली, "मॅडम, आई म्हणती डिसेंबरात कैऱ्या कुठल्या?"

मला काही कळेना. मग उलगडलं. घरी आजोबा परत एकदा गोष्ट सांगत होते. त्यांचे वडील, म्हणजे हिचे पणजोबा, आंब्याच्या झाडाखाली तांब्या घेऊन उभे. ऊन एवढं की गांधीजींच्या डोक्यावर ओला पंचा. झाडाखाली पडलेल्या कैऱ्या पोरं वेचत होती, गांधीजी हसले, तांब्यातलं पाणी प्यायले, पणजोबांना नाव विचारलं. ही गोष्ट त्या घरात साठ-सत्तर वर्षं चाललेली, पण चुलीजवळ बसून लोणच्याचा मसाला भाजणाऱ्या सुनेने पहिल्यांदाच कैऱ्यांवर बोट ठेवलं. बेळगावच्या डिसेंबरात सकाळी कानाला मफलर लागतो. ओला पंचा डोक्यावर कोण घेईल?

मी घाईने पुसलेला तिसरा पर्याय असा स्वयंपाकघरातून परत आला.

आता दोन गोष्टी तपासायच्या होत्या. पणजोबांचं वय, आणि गांधीजी उन्हाळ्यात या भागात आले होते का. वयासाठी ती गावातल्या मराठी शाळेत गेली. हेडमास्तरांनी कपाटाच्या तळातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली, पण नाव सापडलं आणि जन्मसालही: १९१६. अधिवेशनाच्या वेळी पणजोबा आठ वर्षांचे. आठ वर्षांचं पोर गावापासून दूर टिळकवाडीत अध्यक्षांना पाणी देतं, हे अगदी अशक्य नाही. पण कैऱ्या?

दुसरं उत्तर मला ठाऊक असायला हवं होतं. एप्रिल १९३७ मध्ये गांधी सेवा संघाचं संमेलन हुदलीला भरलं. गंगाधररावांचं गाव, खादीचं काम चालू असलेलं. गांधीजी तिथे काही दिवस मुक्कामाला होते. हुदली या मुलीच्या गावापासून लांब नाही. एप्रिल म्हणजे ऊन, कैऱ्या, ओला पंचा. आणि पणजोबा एकवीस वर्षांचे.

१९१६ ची टिळक-गांधी भेट आठ वर्षं पुढे गेली होती. पणजोबांचा तांब्या तेरा वर्षं मागे आला होता. दोन्ही १९२४ मध्येच येऊन बसले होते.

निर्णयाचा सगळ्यात अवघड क्षण इथे होता, आणि तो इतिहासाचा नव्हता. आजोबांना सांगायचं का? निबंधात घ्यायचं का? मी म्हणाले, निबंध पाण्यावर आहे, तांब्याही पाण्याचाच आहे, घेता येईल. पण हुदलीची गोष्टसुद्धा सिद्ध झालेली नाही. ती जास्त जुळते, एवढंच. तिने दोन दिवस घेतले. मग शेवटून दुसरा परिच्छेद असा लिहिला: घरात ही आठवण बेळगाव अधिवेशनाची म्हणून सांगितली जाते, तिच्यातला ऋतू उन्हाळ्याचा आहे, रजिस्टरमधलं जन्मसाल असं आहे, १९३७ चा हुदलीचा मुक्काम तिला जास्त जुळतो. चार वाक्यं. 'चुकीचं' हा शब्द कुठेही नाही.

आजोबांना मात्र तिने पाठवण्याआधी वाचून दाखवलं. ते उसळले. "तू काय वकील झालीस काय गं? आमचा बा खोटं बोलायचा म्हणायलीस?" तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

निकाल

निबंध ९ डिसेंबरला गेला. बक्षीस समारंभ २७ तारखेला होता, पण २६ ला रात्री डॉ. मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. काँग्रेसचा बेळगावातला मोठा मेळावाच पुढे गेला, तो २१ जानेवारीला झाला. स्पर्धेचा समारंभही लांबला. तिला उत्तेजनार्थ मिळालं. परीक्षकांचा शेरा होता: 'भाषा साधी व चांगली. विषय फार लहान घेतला आहे.' पहिला आलेला निबंध 'सुवर्णपानांवर' या शब्दानेच सुरू होत होता, हे मी ऐकलं आणि गप्प बसले.

तिला फारसं वाईट वाटलं नाही. बक्षिसाच्या पैशातून तिने आईला लोणच्याची नवी बरणी आणली.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, 'पुरावा नसतो' म्हणून घरची गोष्ट मी पुसली, ते करणार नाही. पुरावा गोष्टीच्या आतच होता, फक्त तो कैऱ्यांच्या रूपात होता. गोष्ट खरी की खोटी हे विचारण्याआधी, तिच्यात ऋतू कोणता, कोण किती वर्षांचं, पायी आले की गाडीने, एवढं विचारलं असतं तर ऑक्टोबरातच हुदलीला पोहोचलो असतो.

दुसरी, तिने एका ठिकाणी हिशेब केला होता: मंडपात सतरा हजार माणसं, माणशी दिवसाला दोन घागरी धरल्या तर चौतीस हजार घागरी. मी तो कापला, अंदाज म्हणून. आज वाटतं ठेवायला हवा होता. 'धरल्या तर' हे तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि सबंध निबंधात वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती विहीर उभी करणारं तेवढंच एक वाक्य होतं.

पानांचे नंबर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायला लावायला हवे होते. शेवटच्या आठवड्यात दोघी मैत्रिणी तीच पुस्तकं पुन्हा चाळत बसल्या, त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

आणि आजोबांचं बोलणं पहिल्यांदा रेकॉर्ड करून घ्यायला हवं होतं, त्यांना काही दाखवण्याआधी, काही विचारण्याआधी. संक्रांतीला अबोला सुटला. तिळगूळ देऊन तिने मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, आज्जा, पणजोबांची गोष्ट पुन्हा सांगा की, पहिल्यापासून.

आजोबांनी तिळगूळ तोंडात टाकला. म्हणाले, "आता तुलाच सगळं ठाऊक हाय की. मी कशाला सांगू?"